टोपीखालचा 'स'

फ्रेंच शिकायला घेतलं की अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणांनी माणूस आधी बुजतो. त्यातून या खुणांचं नाव 'ॲक्सेंट', आणि इंग्रजीमुळे 'ॲक्सेंट' म्हणजे शब्दातला जोर, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं. फ्रेंचमध्ये जोर आपसूकच शब्दसमूहाच्या शेवटी पडतो, त्यासाठी खूण लागत नाही.

'मार्श' म्हणजे पायरी. शेवटच्या मुक्या 'ई' अक्षरावर वर चढत जाणारी तिरकी रेघ दिली की ते अक्षर बोलू लागतं आणि शब्द होतो 'मार्शे', म्हणजे बाजार. आपली मात्रा करते तसलंच हे काम. उलट झुकलेली रेघ 'ए'चा उच्चार 'ॲ'कडे नेते. हीच रेघ 'यू' अक्षरावर अख्ख्या भाषेत एकाच शब्दात येते: 'ऊ', म्हणजे कुठे. रेघ नसेल तर उच्चार तोच, पण अर्थ 'किंवा'. त्या एका शब्दासाठी फ्रान्सच्या कीबोर्डवर वेगळी कळ आहे! दोन टिंबं शेजारच्या स्वरांना सुटं करतात: 'मे' म्हणजे पण, 'माइस' म्हणजे मका. 'सी'खालची शेपटी त्याचा 'क' होऊ देत नाही, म्हणून मुलगा 'गार्सों'च राहतो.

माझा जीव मात्र अक्षरावरच्या '^' अशा टोपीवर, म्हणजे सिर्कोंफ्लेक्सवर. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा 'स' बोलण्यातून गळाला, लिहिण्यात मात्र शतकानुशतकं राहिला. फ्रेंच अकादमीच्या १७४०च्या कोशाने असे अनेक मुके 'स' काढले आणि बऱ्याच ठिकाणी टोपी घातली. जंगल म्हणजे 'फोरे', पण जंगलाविषयीचं ते 'फोरेस्तिये'. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर तिकडे गेलेल्या शब्दांत 'स' टिकला. म्हणून इंग्रजीत 'फॉरेस्ट'. आपण रोज बोलतो ते 'हॉस्टेल' आणि 'हॉटेल' मुळात एकच शब्द, एक 'स' जाण्याआधी इंग्रजीत आलेला, दुसरा गेल्यानंतर. सगळ्याच टोप्यांखाली 'स' नसतो. वय या अर्थाच्या 'आज'मध्ये गळालेला स्वर आहे.

'पेशर' हा शब्द पाहा. 'ई'वर टोपी असेल तर कोळी, चढती रेघ असेल तर पापी. उच्चार जवळजवळ सारखाच. कोळ्याच्या टोपीखाली लॅटिनमधल्या 'पिस्किस'चा, म्हणजे माशाचा, 'स' आहे. पापी दुसऱ्याच धातूतून आला, त्याच्याकडे 'स' कधी नव्हताच.

फ्रेंच शुद्धलेखनाच्या १९९०च्या सुधारणांनी 'आय' आणि 'यू' अक्षरांवरची टोपी बहुतेक शब्दांत ऐच्छिक केली. २०१६ मध्ये ही रूपं शाळेच्या पुस्तकांत येणार म्हटल्यावर फ्रान्समध्ये केवढा गदारोळ झाला! मला तो कळतो. माझी आजी पत्रात 'दांत' लिहायची, 'पांच' लिहायची. मराठी शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, आणि मी शाळेत 'दात' असंच शिकले. 'दंत'मधला तो नाद आता दंतवैद्याच्या पाटीवर भेटतो.