सोशल अँग्झायटी आणि कामावरची ‘वाजवी सोय’ : पार्श्वभूमी

कामाच्या ठिकाणी काही बदल मागायचा म्हटले की मराठीत तोंडी पटकन ‘सवलत’ हा शब्द येतो, आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. अपंगत्वाच्या कायद्यातली कल्पना ‘वाजवी सोय’ अशी आहे, म्हणजे अडचण असूनही माणसाला काम करता यावे म्हणून कामात केलेला बदल; आणि ती नाकारायची तर मालकाला ती का झेपत नाही हे दाखवावे लागते.

ही कल्पना मुळात अपंगत्वाच्या कायद्यातली नव्हे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात १९७२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा ती धर्मपालनासाठी आली. उपासनेच्या दिवशी काम न करणाऱ्याची, धंद्याला फार जड जात नसेल तर, सोय करावी असा तिचा आशय होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या नियमांतून ती अपंगत्वाकडे वळली आणि १९९० च्या अपंगत्व कायद्याने खासगी नोकऱ्यांपर्यंत पोचली. सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांत वागण्या-बोलण्याची तीव्र भीती, या आजाराच्या नावाचा प्रवास वेगळा झाला. ‘सोशल फोबिया’ हे स्वतंत्र निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तिकेत १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘सोशल अँग्झायटी डिसऑर्डर’ हे मुख्य नाव झाले.

म्हणजे १९९० नंतर आजाराला नाव होते आणि कायद्यात सोयही होती. आडवी येत होती ती व्याख्या. अपंगत्व ठरायला आयुष्यातली एखादी ‘मुख्य क्रिया’ बरीच अडलेली असावी लागे. चालणे, पाहणे, ऐकणे यांवर वाद नव्हता. लोकांशी वागणे-बोलणे ही मुख्य क्रिया आहे का, यावर मात्र न्यायालयांचे एकमत होईना. १९९७ मध्ये एका अपील न्यायालयाला ‘लोकांशी जुळवून घेणे’ ही कल्पनाच फार मोघम वाटली. १९९९ मध्ये दुसऱ्याने वागणे-बोलणे मान्य केले, पण सहकाऱ्यांशी पटत नाही एवढ्यावर भागणार नाही, लोकांशी संबंधांत नेहमीच गंभीर अडचणी, जसे सततचे वैर, दुरावा किंवा गरजेपुरतेही न बोलणे, दिसल्या पाहिजेत, असे बजावले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने औषधाने किंवा चष्म्याने पडणारा फरकही मोजायला सांगितले. रात्रभर जागून, गोळी घेऊन, जीव मुठीत धरून जो रोज कामावर हजर होतो, त्याची हजेरीच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाली. त्या दशकातला हा सगळ्यांत मोठा अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००८ च्या दुरुस्तीने औषधाचा मुद्दा काढून टाकला आणि व्याख्या सैल केली. कायद्याच्या यादीत संवाद, एकाग्रता, विचार करणे आले; लोकांशी वागणे-बोलणे आले नाही. ते आले सरकारी आयोगाने केलेल्या २०११ च्या नियमांत. त्यामुळे कायद्यात नसलेली क्रिया नियमांनी घालावी का, हा वाद शिल्लक राहिला.

तो सुटायला एक काउंटर कारण ठरला. एका न्यायालयीन कचेरीत तीसेक उपलिपिक होते. त्यांतले चार-पाचच जण दर्शनी काउंटरवर लोकांच्या चौकशांना उत्तरे देत, बाकीचे आत फायली आणि नोंदी सांभाळत. सोशल अँग्झायटी असलेल्या एका तरुणीला काउंटर मिळाला. सप्टेंबर २००९ मध्ये तिने वरिष्ठांना ईमेल केला : मला दुसरे काम शिकवा, काउंटरवर हवे तर आठवड्यातून एकदा बसेन. मुख्य अधिकारी रजेवर होत्या. तीन आठवड्यांनी त्या परतल्या आणि तिला कामावरून काढले. ही काउंटरवर बसत होती, सहकाऱ्यांबरोबर बाहेर जात होती, मग अडले कुठे, असा कचेरीचा युक्तिवाद होता. मार्च २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, वागणे-बोलणे ही मुख्य क्रिया मानली आणि खटला पुढे चालवायला सांगितले. अडलेले ठरायला माणसाने संन्याशासारखे एकांतात राहण्याची गरज नाही, असे निकालात म्हटले आहे.

दरम्यान कल्पना अमेरिकेबाहेर गेली होती. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव ठरला. भारताच्या २०१६ च्या कायद्यातही ती आहे, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला बांधली नाही. किती अडले म्हणजे अडले, हा तोच प्रश्न तिथेही होता.

मागायचे कसे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. खरे तर इथेच बहुतेकांचे पाय अडखळतात, कारण वरिष्ठांसमोर बसून आपली अडचण सांगणे हीच ती अडचण असते. अमेरिकेत मानसिक आजारांविषयी १९९७ मध्ये निघालेल्या सरकारी मार्गदर्शनात याची उत्तरे होती. कायद्याचे नाव घ्यायला नको, ‘वाजवी सोय’ हे शब्द उच्चारायला नकोत, विनंती लेखीच हवी असेही नाही. साध्या भाषेत ‘आजारामुळे मला यात बदल हवा’ एवढे पोचले तरी चालते. आणि ते कर्मचाऱ्यानेच बोलायला हवे असे नाही. घरातले कोणी, मित्र किंवा डॉक्टर त्याच्या वतीने मागू शकतात.