दवाखान्याच्या भिंती कशाच्या?

दवाखान्याचं इंटिरिअर करताना चुन्याचा गिलावा, बांबू किंवा पाडलेल्या वाड्याचं सागवान असा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला: हे रिसॉर्टला शोभेल, दवाखान्याला नाही. आक्षेप समजण्यासारखा आहे, कारण आपल्या डोळ्यांसमोरचा दवाखाना पांढऱ्या टाइल्सचा आणि ट्यूबलाइटचा आहे. पण हे चित्र काही फार जुनं नाही.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या पंधराव्या अध्यायात, रुग्णासाठी घर कसं बांधावं ते सांगितलं आहे. घर भक्कम हवं, वाऱ्याचा झोत थेट अंगावर यायला नको, पण एका बाजूने वारा खेळता हवा. धूर, ऊन, पाणी, धूळ आत शिरता कामा नये. आणि रुग्णाजवळ गाणारे, गोष्टी सांगणारेही असावेत.

पांढरा, धुता येणारा दवाखाना आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जंतूंचं ज्ञान झाल्यावर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घराघरांना चुना फासला गेला. चुना तिथे शोभेसाठी नव्हता. ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारतेत जंतू तग धरत नाहीत, म्हणून होता. स्वच्छता आणि नैसर्गिक साहित्य यांचं वैर आहे हा समज इथेच खोटा ठरतो. पुढे चुन्याची जागा ऑइलपेंट, लॅमिनेट आणि प्लायवुडने घेतली. प्लाय आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले तक्ते) चिकटवणाऱ्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. नव्या कपाटांचा तो डोळे चुरचुरवणारा वास दम्याच्या रुग्णाने दवाखान्यात बसून का घ्यावा?

दवाखान्याच्या खोलीचा रुग्णावर काय परिणाम होतो, याकडे पाश्चात्त्य देशांत वेगळ्या वाटेने लक्ष गेलं. फिनलंडमध्ये वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी पाइमिओचं क्षयरोग्यांचं रुग्णालय १९३३ मध्ये पूर्ण केलं. रुग्ण दिवसभर उताणा पडून असतो, म्हणून त्यांनी छताला डोळ्यांना निववणारा रंग दिला आणि बसायला वाकवलेल्या बर्च लाकडाची खुर्ची केली. १९८४ मध्ये अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांचा अभ्यास आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

मला मात्र आपल्या विदर्भातली वाट जास्त मोलाची वाटते. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कौलांच्या. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी तिथेच आपल्या जवळ कुटी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केलं. ज्या माणसाला समाज लांब ठेवत होता, त्याची शुश्रूषा मातीच्या घरात होत होती. इंग्रज वास्तुविशारद लॉरी बेकर यांची गांधीजींशी भेट मुंबईत झाली. घराचं साहित्य पाच मैलांच्या आतलं असावं, हा विचार त्यांनी तिथून उचलला. भारतात त्यांचं सुरुवातीचं कामही कुष्ठरोग्यांच्या वस्त्यांवरचंच.

याच वाटेवर पुढे गडचिरोलीचं शोधग्राम लागतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसेवा आणि संशोधन करणारी संस्था सुरू केली; शोधग्राम हा तिचाच परिसर. आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतींची भीती वाटते; पांढरे कपडे पाहिले की मेलेलं माणूस आठवतं, कारण प्रेत पांढऱ्या कापडात गुंडाळतात; आणि नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली. मग दवाखाना गोंड गावासारखा, झोपड्यांचा झाला. सोबत्यांना राहायला जागा झाली, आणि आदिवासींच्या देवीवरून नाव पडलं मां दंतेश्वरी दवाखाना. इथे रुग्णाची भीती आधी ऐकली गेली, आकार आणि साहित्य त्यानंतर ठरलं. आज इंटिरिअरच्या चर्चेत हा क्रम नेमका उलटा होतो, याचं मला वाईट वाटतं.

जुन्या साहित्याच्या फेरवापराबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. वाड्याच्या तुळया, कडीपाटाच्या फळ्या, मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी हा माल उत्तम असतो. जुनं सागवान तर पुरतं मुरलेलं असतं. पण जुन्या दारांवरच्या रंगात विषारी शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, त्यामुळे असा रंग घरच्या घरी कोरडा घासू नये. धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. वाळवी लागलेलं लाकूड घेऊच नये. शेणाचं सारवण कितीही जवळचं वाटलं तरी जखमा बांधायच्या खोलीत नको, कारण शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. ड्रेसिंगच्या आणि इंजेक्शनच्या खोलीत गुळगुळीत, धुता येणारी फरशी आणि भिंतच हवी.

चुना, बांबू, जुनं लाकूड यांची जागा बाहेर, जिथे रुग्ण तासन्‌तास वाट पाहत बसतो आणि सोबत आलेली आई किंवा आजी टेकायला जागा शोधत असते. जुन्या तुळईचा एक रुंद बाक तिथे भिंतीला लावून ठेवला, तर तिला पाय वर घेऊनही बसता येतं.