टाळ हरवले होते, पुसले नव्हते

गेल्या महिन्यात मावशीने तीन कॅसेट हातात ठेवल्या. तिच्या वडिलांच्या भजनाच्या. "टेप जुनी झाली रे, आवाज उतरलाय. बघ काही होतंय का." लावून पाहिल्या. पखवाज खणखणीत, आजोबांचा आवाजही ओळखू येत होता, पण घोंगडीआडून गायल्यासारखा. आणि टाळ जवळजवळ नव्हतेच.

जुनी कॅसेट म्हणजे विरलेला आवाज, हा समज घरोघरी आहे. टेपवर लोह ऑक्साइडचे सुईसारखे बारीक कण असतात आणि त्यांच्या चुंबकत्वात आवाज साठतो. घरातल्या साध्या तापमानाला हे चुंबकत्व वर्षानुवर्षं टिकतं. थोडी घट होते, पण तेवढ्याने टाळ गायब होत नाहीत. मग टाळच का जावेत?

फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली तेव्हा टेपचा वेग ठरला सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. टाळांच्या किणकिणाटात असतो तसा, सेकंदाला दहा हजार कंपनांचा स्वर घ्या. त्याची दहा हजार आवर्तनं एवढ्याच लांबीत बसवायची, म्हणजे एका आवर्तनाच्या वाट्याला ४.७६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. केसाच्या जाडीत अशी चौदा आवर्तनं मावतील! उलट पखवाजाच्या शंभर कंपनांच्या घुमाऱ्याचं एक आवर्तन जवळपास अर्धा मिलिमीटर लांब असतं.

हे वाचतं ते हेड, म्हणजे टेप प्लेअरमध्ये ज्याला घासून सरकते तो धातूचा छोटा ठोकळा. त्याच्या तोंडाशी एक-दोन मायक्रॉनची उभी फट असते. ही फट टेपच्या धावेशी अचूक काटकोनात हवी. मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा न केलेल्या, टेपचा आवाजाचा पट्टा दीड मिलिमीटर रुंद असतो. हेड अंशाच्या पाचव्या भागाइतकं जरी कललं, तरी फटीचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे पाच मायक्रॉन पुढे जातं. म्हणजे दहा हजार कंपनांच्या स्वराचं एक पूर्ण आवर्तन एकाच वेळी फटीखाली येतं. त्याचा चढ आणि उतार एकमेकांना खोडतात, बेरीज जवळपास शून्य. घुमाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपुढे पाच मायक्रॉन म्हणजे काहीच नाही. म्हणून पखवाज शाबूत राहतो आणि टाळ जातात. कल अर्ध्या अंशाचा झाला तर साडेतीन हजार कंपनांच्या वरचं बहुतेक सगळं जातं. 'स' आणि 'श' तिथेच असतात, म्हणून शब्दही बोबडे वाटतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ज्या यंत्रावर टेप भरली त्याचंच हेड कललेलं असेल, तर आपलंही तेवढंच कलवायला हवं. खरं-खोटं ठरतं ते त्या दोघांच्या जुळण्यावर.

आधी कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड पुसलं. तपकिरी भुकटी निघाली. मग हेडचा कल बदलणारा, त्याच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू, टेप चालू ठेवून, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला. टाळ अचानक समोर आले. 'विठ्ठला'तला ठ सुटा ऐकू आला.

या दुरुस्तीला स्क्रूड्रायव्हर आणि कान पुरतात. बाजारात बाण छापलेल्या महागड्या वायरी मिळतात, आवाज म्हणे बाणाच्याच दिशेने शुद्ध वाहतो. आवाजाचा विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण कळत नाही. ते पैसे वाचवा आणि प्लेअरची चाकं फिरवणारा नवा रबरी बेल्ट घ्या, जुना बहुधा डांबरासारखा चिकट झालेला असतो.

पहिल्या दोन कॅसेट त्याच जागी स्क्रू ठेवून संगणकावर उतरवल्या. मोनो, सेकंदाला ४४,१०० नमुने, तासाला तीनशे एमबीच्या आसपास. मेमरी कार्डवर टाकून दिल्या, आता मावशी नेट नसतानाही ऐकते.

तिसरी लावली तर टाळ पुन्हा गेले. स्क्रू उलट दिशेने फिरवला तेव्हा कुठे परतले. मावशीला फोन केला, ही वेगळ्या यंत्रावर भरली होती का? ती म्हणाली, "हो, ती शेजारच्या काकांच्या टू-इन-वनवर. आमचा त्या वर्षी बिघडला होता."