सॉफ्टवेअर फक्त प्रोग्रामरच बनवतात?

हा समज १९७९मध्ये व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट, म्हणजे रकाने-ओळींचा आकडेमोड करणारा तक्ता, आलं तेव्हाच खोटा ठरला. स्प्रेडशीटमध्ये सूत्र लिहिणं हेच प्रोग्रामिंग आहे.

वाचायला दिलेल्या पुस्तकांचंच घ्या. ए रकान्यात पुस्तक, बीमध्ये नेणाऱ्याचं नाव, सीमध्ये परतीची तारीख. डी२मध्ये (डी रकान्याच्या दुसऱ्या ओळीत) इंग्रजी अक्षरांत =इफ(सी२<टुडे(),"उशीर","") लिहा आणि चौकटीचा कोपरा धरून खाली ओढा. परतीची तारीख उलटली असेल तिथे ‘उशीर’ दिसेल. झालं तुमचं साधन!

घोळ दोनच. सी रिकामा असला तरी ‘उशीर’ दिसतं, कारण तारीख आतून आकडाच असते आणि रिकामी चौकट शून्य धरली जाते. दुसरा जास्त फसवा: तारीख मजकूर म्हणून साठली तर ‘उशीर’ कधीच उमटत नाही, तुलनेत मजकूर आकड्यापेक्षा मोठा ठरतो. ओळखणं सोपं आहे. खरी तारीख आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला जाते, मजकूर डावीकडे राहतो. रकान्याचा प्रकार ‘तारीख’ करून ती पुन्हा टाइप करा.