रिपोर्टमध्ये ब्लॉक नाही, तरी छाती भरून येते

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन अँजिओग्राफी झालेल्या पन्नाशीच्या बाईला डॉक्टर सांगतात, "ब्लॉक नाही." घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण वैरणीचा भारा उचलताना, जिना चढताना, थंडीत पहाटे झाडलोट करताना तिची छाती भरून येतच राहते. मग पित्ताच्या गोळ्या सुरू होतात आणि पुढे "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मिळतो. यातल्या बऱ्याच बायकांच्या हृदयात खरोखर बिघाड असतो. तो अँजिओग्राफीच्या चित्रात दिसत नाही, एवढंच. रक्ततपासणीतून त्याचा काही माग लागतो का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

आधी हृदयाला रक्त कसं मिळतं ते पाहू. महाधमनीच्या मुळाशी डावी आणि उजवी अशा दोन धमन्या फुटतात आणि हृदयाच्या स्नायूवर पसरतात. स्वस्थ बसलेल्या माणसात त्यांतून मिनिटाला साधारण २५० मिली रक्त जातं. शरीरातले इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातला थोडाच ऑक्सिजन वापरतात. हृदय मात्र बसल्याजागीही ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतं. म्हणजे कष्ट वाढले की हृदयापुढे जवळजवळ एकच वाट उरते, रक्ताचा प्रवाह वाढवणं. निरोगी माणसात हा प्रवाह तिप्पट-चौपट होतो. तो दुपटीपर्यंतही पोहोचत नसेल तर बिघाड आहे असं हृदयरोगतज्ज्ञ धरतात.

प्रवाह कुठे अडतो हे ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मेन लाईन मोकळी असते, पंपाचं प्रेशरही ठीक असतं, पण क्षार साचून ड्रिपर बुजले तर झाड वाळतंच. अँजिओग्राफीत दिसतात त्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या धमन्या. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात उमटत नाहीत, आणि प्रवाह कमी-जास्त करण्याचं मुख्य काम त्याच करतात. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'वाईज' या अभ्यासात छातीत दुखणाऱ्या पण मोठा ब्लॉक नसलेल्या बायकांची तपासणी झाली. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या जणींमध्ये या सूक्ष्म वाहिन्यांचा बिघाड सापडला.

या वाहिन्यांना आतून पेशींचा एकपदरी थर असतो. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो आणि त्यामुळे वाहिनी सैल होते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. हा वायू रक्तात काही सेकंदच टिकतो, म्हणून गावातल्या लॅबमध्ये तो थेट मोजता येत नाही. मोजायचे तर त्याचे शत्रू मोजावे लागतात. त्यातला एक म्हणजे एडीएमए हा रेणू. तो नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखतो. धमन्यांतला प्रवाह मंद असलेल्या रुग्णांमध्ये तो वाढलेला आढळतो, पण ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनापुरतीच आहे.

दुसरा शत्रू होमोसिस्टीन. तो मात्र आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्ये सहज मोजला जातो. बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की तो वाढतो आणि वाहिनीच्या आतल्या थराला त्रास देतो. दूध-दही जेमतेम आणि मांसाहार वर्ज्य अशा घरांत बी-१२ ची कमतरता नवी नाही. पण इथे सावध राहायला हवं. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरलं, हृदयविकाराचे झटके मात्र त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. नसांसाठी आणि रक्तासाठी बी-१२ भरून काढायलाच हवं. त्याने हृदयही सुरक्षित झालं, असं मात्र मानू नये.

मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं ते एचएस-सीआरपीबद्दल. शरीरात कुठेही दाह असला की यकृत हे प्रथिन सोडतं. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, ३ च्या वर असेल तर जास्त, असा ढोबळ हिशोब आहे. धमनीच्या भिंतीत चरबी नुसती साचून राहत नाही, तिथे दाह धुमसत असतो, हे या मार्करने (रक्तातल्या खुणेने) दाखवून दिलं. २०१७ मध्ये 'कँटॉस' या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं औषध दिलं गेलं, आणि पुढचे हृदयविकाराचे प्रसंग घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले, त्यामुळे ते औषध या कामासाठी रूढ झालं नाही. आता याच वाटेने जुनं कोल्चिसिन पुढे आलं आहे. गाऊटवर दिलं जाणारं हे औषध आपल्याकडे बांधावर फुलणाऱ्या कळलावीतही असतं. ती वनस्पती जहाल विषारी आहे, तिचा घरगुती प्रयोग कुणीही करू नये.

मराठवाड्यात सीआरपीचा आकडा वाचणं सोपं नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, पायाला चिघळलेली जखम, किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या, सगळ्यांनी तो चढतो. १० च्या वर गेला तर तो बहुधा संसर्गाचा असतो. अशा वेळी दोन आठवडे थांबून पुन्हा तपासायचा असतो. पण हिरड्यांचा जुनाट आजार, मिसरी आणि तंबाखूची सवय, चुलीचा धूर या गोष्टी आकडा नुसता बिघडवत नाहीत. धूर आणि तंबाखू वाहिनीच्या आतल्या थरालाच इजा करतात. बीडहून ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे कोपीत चूल पेटवते तेव्हा तिच्या फुप्फुसात जाणारा धूर तिच्या हृदयाच्या बारीक वाहिन्यांचंही नुकसान करत असतो. गॅसची शेगडी आणि दातांचा डॉक्टर यांना मी हृदयाच्या उपचारांत धरतो.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टबद्दल थोडक्यात. आपल्याकडे अनेकांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) फार नसतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी असतं. अशा वेळी एलडीएलचा आकडा दिलासा देतो, पण घातक कणांची खरी संख्या एपो-बी या तपासणीत दिसते. दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, आहाराने फारसं हलत नाही, म्हणून प्रौढपणी एकदा मोजलं तरी पुरतं. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो वाढलेला धोका समजतात. ज्या घरात चाळिशीत कुणी गेलं आहे, तिथे साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजपेक्षा या एका तपासणीवर पैसे घालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

सीबीसी या रक्तपेशींच्या साध्या तपासणीतल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचा मंद प्रवाहाशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण एका माणसाच्या निदानासाठी तो पुरेसा नाही. त्याच सीबीसीतलं हिमोग्लोबिन जास्त कामाचं आहे. ते ८ पर्यंत उतरलेलं असेल तर मोकळ्या धमन्यांतूनही हृदयाला ऑक्सिजन कमीच पोचतो, आणि छाती भरून येण्याचं ते एक उपचार करता येण्याजोगं कारण आहे. आपल्या भागातल्या बायकांमध्ये हे आधी पाहायला हवं.

वर सांगितलेला एकही मार्कर प्रवाह मोजत नाही. वाहिन्यांची राखीव क्षमता, म्हणजे गरजेला प्रवाह वाढवण्याची ताकद, तपासायला कॅथ लॅबमधली खास तार, पेट स्कॅन किंवा हृदयाचा एमआरआय लागतो. रक्तातल्या खुणा पाहून कुणाला तिथपर्यंत पाठवायचं आणि कुणाला जोरात औषधं सुरू करायची हे ठरवायला मदत होते.

आणीबाणीतला मार्कर वेगळा, ट्रोपोनिन. प्रवाह इतका तुटला की स्नायूच्या पेशी मेल्या, म्हणजे हे प्रथिन रक्तात उतरतं. त्याला वेळ लागतो. ग्रामीण रुग्णालयात वापरतात ती 'ट्रॉप-टी'ची पट्टी दुखणं सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा तासांत निगेटिव्ह येऊ शकते. मोठ्या रुग्णालयातली अतिसंवेदनशील चाचणीसुद्धा एक ते तीन तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतात, कारण आकडा चढतोय की उतरतोय यावर निदान ठरतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावं, काही यंत्रांत त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर ते नेहमीच थोडं वाढलेलं असू शकतं.

म्हणून छातीत कळ येऊन घाम फुटला असेल तर पट्टी निगेटिव्ह आली तरी घरी परतू नये. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही पुन्हा करून घ्यावेत. अंबाजोगाईला किंवा लातूरला पुढे पाठवत असतील तर चिठ्ठीवर या दोन वेळा लिहून घ्याव्यात: दुखणं किती वाजता सुरू झालं आणि पहिलं रक्त किती वाजता काढलं. पुढचा डॉक्टर दुसरा आकडा त्यांच्याशीच जुळवून पाहणार असतो.