असिंक्रोनस स्टोरेज-कॉपी : रीफॅक्टरिंग पॅचचे परीक्षण

चालू व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कची प्रत काढणाऱ्या कोडची मांडणी बदलणारा, पण काम तेच ठेवणारा पॅच तपासण्याची पद्धत. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर नवा बीम चढवला, पण कार्डे तीच असली, तर नक्षी तीच उतरायला हवी. इथली कसोटीही तीच. कोड देखणा झाला का, हे नंतर.

क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा कोड आधी बॅकअपच्याच फाइलीत होता. 2019 मध्ये तो ब्लॉक-कॉपी म्हणून वेगळा काढला. डिस्कचे एरवी 64 केबीचे तुकडे, म्हणजे क्लस्टर, धरतात आणि कॉपी व्हायच्या प्रत्येक क्लस्टरमागे बिटमॅपमध्ये, म्हणजे खुणांच्या तक्त्यात, एक बिट असतो. चादर कारखान्याच्या डिझाइनांची डिस्क 10 जीबीची असेल, तर 1,63,840 बिट, म्हणजे जेमतेम 20 केबी. घोळ जागेचा नसतो, क्रमाचा असतो.

कॉपी सुरू होतानाच बिट पुसतात आणि तो भाग चालू कामांच्या यादीत नोंदवतात. या दोहोंमध्ये कोरूटीन, म्हणजे मध्येच थांबून दुसऱ्या कामाला वाट देऊ शकणारे फंक्शन, थांबता कामा नये. समजा, फंक्शन वेगळे काढताना मध्ये एक यील्ड, म्हणजे असा थांबा, शिरला. बिट पुसला गेला, पण जुना मजकूर अजून वाचलेला नाही. तेवढ्यात कोणी त्याच क्लस्टरवर नवे डिझाइन सेव्ह केले. बिट पुसलेला, यादीत नोंद नाही. म्हणजे कॉपी झाली असे समजून, जुना मजकूर वाचून होण्याची वाट न पाहता, लेखन पुढे जाते. दहा वाजताच्या बॅकअपमध्ये साडेदहाचा तुकडा बसतो, आणि एरर कुठेच दिसत नाही.

म्हणून आधी नुसती हलवाहलव आणि मग बदल, असे वेगळे कमिट मागावेत; प्रत्येक कमिट सुटा बिल्ड व्हावा, नाहीतर पुढे चूक कोणत्या कमिटने आणली हे शोधणारे गिट बायसेक्ट अडते. नावांवरून वाद घालत बसू नये. एररच्या वाटेवर बिट परत लागतो का, आणि डिस्कच्या टोकाचा अर्धवट क्लस्टर डिस्कबाहेर वाचला जात नाही ना, हे मात्र ओळीने पाहावे.

चाचणीत टार्गेट, म्हणजे प्रत जिथे लिहिली जाते ती डिस्क, मुद्दाम संथ करावे, म्हणजे कॉपीची कामे लांबतात आणि क्रमातली चूक सापडायला वाव मिळतो. ब्लॉक-डीबग या क्यूईएमयूच्याच चाचणी-ड्रायव्हरने मध्येच एरर घालावी. प्रोसेस किल करून वीज गेल्याची चाचणी होत नाही : होस्टच्या, म्हणजे खऱ्या मशीनच्या, पेज कॅशमधला (डिस्कवर जाण्याआधी मेमरीत थांबलेला) मजकूर तरीही डिस्कवर उतरतो. रीफॅक्टरिंगमध्ये फ्लश, म्हणजे तो मजकूर लगेच डिस्कवर उतरवण्याची आज्ञा, गळाला असेल, तर ते कारखान्यातली वीज खरोखर गेल्यावरच उघडकीस येते.