छापील बाजू जपा: सीडी हाताळण्याच्या नियमांमागची गोष्ट

आमच्या घरी सीडी गोल गोल पुसली जायची. काकांकडे शास्त्रीय गाण्याच्या एलपींचा मोठा साठा होता आणि मखमली पॅडने रेकॉर्ड पुसायला त्यांचा हात बसलेला होता. रेकॉर्डला तेच योग्य. धूळ खाचेत अडकते, ती खाचेच्या वाटेनेच काढायची. पुढे घरात सीडी प्लेअर आला तेव्हा तोच पॅड आणि तोच हात सीडीवर फिरू लागला. पुसून झाली की सीडी चकाकती बाजू वर करून टेबलावर ठेवायची, छापील बाजू खाली. 'गाणं चकाकत्या बाजूला असतं, तिला टेबल लागता कामा नये,' असं काका सांगत. आम्ही सगळ्यांनी ते वर्षानुवर्षं पाळलं.

पुसायची दिशाही चूक होती आणि जपायची बाजूही. पण त्यात काकांचा दोष नाही. सीडी आली तेव्हा तिच्या अंगी काय आहे हे ऐकणाऱ्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते एवढंच, की हिला काही होत नाही.

मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची. फिलिप्स कंपनी तिथे प्रकाशाने वाचली जाणारी चित्रपटांची तबकडी बनवत होती. १९७८मध्ये ती अमेरिकेत विक्रीला आली. धंदा बेताचाच झाला, पण त्यातून एक गोष्ट हाती लागली: तबकडीला सुईचा स्पर्शही न होता ती वाचता येते. स्पर्श नाही म्हणजे झीज नाही. ८ मार्च १९७९ रोजी फिलिप्सने आइंडहोव्हनमध्ये पत्रकारांना नुसत्या आवाजाची छोटी तबकडी वाजवून दाखवली, आणि मग ती घेऊन मंडळी जपानला गेली. सोनीबरोबर बोलणी जमली. आवाजाचं मोजमाप फिलिप्सला १४ बिटांत करायचं होतं, सोनीला १६ बिटांत (बिट जितके जास्त तितकं मोजमाप बारीक). फिलिप्सची तबकडी साडेअकरा सेंटिमीटरची होती, ती शेवटी १२ची झाली.

या अर्ध्या सेंटिमीटरची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. सोनीचे नोरिओ ओगा स्वतः गायकीचं शिक्षण घेतलेले. बेथोव्हनची नववी सिम्फनी एका तबकडीत मावलीच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला आणि म्हणून ७४ मिनिटं ठरली, असं म्हणतात. फिलिप्सच्या बाजूने त्या कामात असलेले अभियंते केस इमिंक यांनी मात्र लिहून ठेवलंय की खरं कारण धंद्याचं होतं: फिलिप्सच्याच पॉलिग्राम या रेकॉर्ड कंपनीकडे साडेअकरा सेंटिमीटरची तबकडी काढण्याची तयारी आधीच होती, आणि सोनीला तो आघाडीचा फायदा फिलिप्सला मिळू द्यायचा नव्हता. मला इमिंक यांचंच खरं वाटतं, पण बेथोव्हनची गोष्ट सांगायला जास्त गोड आहे.

१९८०मध्ये मानक ठरलं. त्याच्या वेष्टनाचा रंग लाल, म्हणून नावच 'रेड बुक' पडलं. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत हानोफरजवळच्या लांगेनहागनच्या कारखान्यातून आबा या स्वीडिश गटाच्या सीडी बाहेर पडू लागल्या. १ ऑक्टोबरला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर विक्रीला आला. किंमत १,६८,००० येन.

आणि जाहिरात आली: 'परफेक्ट साउंड फॉरेव्हर'. निर्दोष आवाज, कायमचा. त्याआधीच, १९८१मध्ये, बीबीसीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमात निवेदकाने सीडीवर चक्क दगड घासून दाखवला होता. लोकांच्या मनात बसला तो दगड. सीडी म्हणजे कशीही वापरा, असा समज जन्मतःच तिच्या कपाळी लिहिला गेला. त्यात अर्धसत्य होतं, म्हणूनच तो इतका टिकला.

ते अर्धसत्य समजून घ्यायचं तर सीडी आडवी कापून पाहावी लागेल. जाडी १.२ मिलिमीटर. जवळपास सगळी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. त्याच्या वरच्या पृष्ठावर सूक्ष्म खळगे (गाणं आकड्यांच्या रूपात असतं ते या खळग्यांतच), त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप, त्यावर लाखेसारख्या वार्निशचा थर आणि त्यावर छपाई. म्हणजे गाणं चकाकत्या बाजूला नाहीच. ते छपाईच्या लगेच खाली आहे. चकाकत्या बाजूने लेसरला मिलिमीटरभराहून जास्त प्लॅस्टिक ओलांडून तिथवर जावं लागतं, आणि छापील बाजूने मात्र गाणं आणि आपलं नख यांच्यात केसाहूनही पातळ वार्निश असतं.

या जाडीचा उपयोग फार हुशारीने केलेला आहे. लेसरचा झोत प्लॅस्टिकमध्ये शिरतो तेव्हा साधारण ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि खळग्यांपर्यंत पोचताना एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरात आवळला जातो. खिडकीला डासांची जाळी असते ना, तिच्यातून समोरच्या झाडाकडे पाहिलं की जाळी दिसेनाशी होते. पृष्ठभागावरची धूळ आणि बारीक चरे लेसरला असेच विरघळलेले दिसतात. दगडाच्या प्रयोगातलं अर्धसत्य ते हेच.

तरी जे चुकतं ते दुरुस्त करायची सोयही आत आहे. तिचं गणित १९६०मध्ये अर्विंग रीड आणि गुस्ताव सोलोमन या दोन अमेरिकनांनी मांडलं होतं. सीडीवर त्याला जोड मिळाली ती विखुरण्याची. गाण्याच्या लागोपाठच्या क्षणांचे आकडे सीडीवर लागोपाठ लिहिलेले नसतात. पत्त्यांचा कॅट पिसतात तसे ते पिसून ठेवलेले असतात, सोबत पडताळणीचे जादा आकडे. कॅटमधून शेजारशेजारची चार पानं हरवली तरी ती चार रंगांची, चार ठिकाणची निघतात आणि उरलेल्या पानांवरून ओळखता येतात. खळग्यांच्या वाटेवरचं सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान असं पूर्ण भरून निघतं. त्यापुढे साडेसात-आठ मिलिमीटरपर्यंत प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधून वेळ मारून नेतो. त्याहून जास्त झालं की आवाज गप्प होतो किंवा सीडी अडकते.

आता काकांचा पॅड पाहा. सीडीवरची वाट आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल आहे, उलगडली तर पाच किलोमीटरच्या आसपास. पुसताना कापडात एखादा वाळूचा कण असला आणि हात गोल फिरवला, तर चरा त्या वाटेवरूनच धावतो. सलग दोन-तीन सेंटिमीटर. एवढं मोठं भगदाड बुजवण्याची ताकद त्या गणितात नाही. तोच कण मधून कडेकडे सरळ ओढला गेला तर चरा हजारो फेऱ्यांना छेदतो खरा, पण प्रत्येक फेरीला अगदी थोडा, केसाच्या जाडीएवढा. तो सहज भरून निघतो. रेकॉर्डला जी दिशा तारक, तीच सीडीला मारक, ती अशी. २००३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ग्रंथपालांसाठी हाताळणीचे नियम काढले. त्यात मधून कडेकडे पुसा, कडांनीच धरा, उभी ठेवा, कागदी लेबल चिकटवू नका हे सगळं आहे. तोवर सीडी विशीची झाली होती.

डबीचंही तेच. मधल्या दातेरी बटणावरून सीडी काढताना आपण कड धरून वर ओढतो, सीडी धनुष्यासारखी वाकते आणि मधल्या भोकाजवळ बारीक तडे जातात. बटण एका बोटाने दाबायचं आणि मग उचलायची. सीडीवरच्या गाण्यांची अनुक्रमणिका अगदी आतल्या कडेला असते. तिथला तडा किंवा चरा फार महागात पडतो, कारण मग प्लेअर सीडी घेतच नाही, 'नो डिस्क' दाखवून ट्रे बाहेर टाकतो.

'कायमचा' या शब्दाची परीक्षा वरच्या थराने घेतली. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या ब्लॅकबर्न इथल्या कारखान्यात १९८८ ते १९९३च्या दरम्यान निघालेल्या काही सीडी कडेकडून तपकिरी पडत गेल्या. तिथे ॲल्युमिनियमऐवजी चांदी वापरली होती आणि वरच्या वार्निशला गंधकापासून राखण करता आली नाही. गंधक कुठून आलं? आतल्या माहितीपुस्तिकेच्या कागदातून! कंपनीला पुढे कितीतरी वर्षं सीडी बदलून द्याव्या लागल्या. त्याहून विचित्र नोंद २००१ची. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या दमट हवेत एका सीडीला बुरशी लागली. माद्रिदच्या संशोधकांनी ती तपासली तेव्हा बुरशी कडेने आत शिरून प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही फस्त करत होती. कोकणातल्या पावसाळ्यात ज्यांनी कपाटातल्या चपलांवर पांढरी लव पाहिली आहे त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.

आपल्याकडे सीडी आली तीही निराळ्या वेशात. गाण्याची अस्सल छापील सीडी बराच काळ श्रीमंतांची चैन होती. मुंबईत काळा घोड्याला 'ऱ्हिदम हाऊस'मध्ये (ते २०१६च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं) जाऊन आपण डब्या हाताळायच्या आणि कॅसेट घेऊन बाहेर पडायचं. घराघरात पोचली ती व्हीसीडी. तिचं मानक १९९३चं. पश्चिमेत तिला फारसं कोणी विचारलं नाही, आशियात तिने धुमाकूळ घातला. एक हिंदी सिनेमा म्हणजे दोन-तीन सीडी. ऐन रंगात आला की उठून पुढची घालायची. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून आणलेल्या सीडी पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात, शंभर हातांतून गेलेल्या. आवाज एकवेळ अंदाजाने सांधता येतो, चित्र तसं सांधता येत नाही. म्हणून नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन होत आणि कोणीतरी उठून सीडी शर्टाला पुसे. अर्थातच गोल.

सगळ्यात नाजूक सीडी मात्र घराघरात सगळ्यात जपलेली असते: लग्नाची. ती कारखान्यात छापलेली नसतेच. फोटो स्टुडिओत कोऱ्या सीडीवर लिहिलेली असते. कोऱ्या सीडीत खळग्यांच्या जागी रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसर तो भाजून खुणा उमटवतो. रंगद्रव्य म्हटलं की ऊन आणि उष्णता त्याचे वैरी. वर भर म्हणून वधूवरांच्या फोटोचं गोल स्टिकर. स्टिकर जरा तिरकं लागलं की फिरताना सीडी थरथरते, डिंक वार्निशशी सलगी करतो, आणि पावसाळ्यात स्टिकरची कड सुटली म्हणून कोणी ते सोलायला गेलं तर चंदेरी पापुद्रा स्टिकरबरोबर निघून येतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नाची सप्तपदी अशीच गेली. ट्यूबलाइटसमोर ती सीडी धरली तर नखाएवढ्या भोकातून दिव्याचा पांढरा उजेड दिसत होता. प्लॅस्टिकला मात्र एक ओरखडा नव्हता. जुनी सीडी विकत घेताना मी आजही आधी उजेडासमोर धरतो. चरे दिसले तर चालतील, तारे दिसले तर परत ठेवतो.

चकाकत्या बाजूचा चरा टूथपेस्टने घासून बुजवण्याचा उपाय खरोखर चालतो, कारण पेस्टमधली भुकटी प्लॅस्टिकची धार मोडते. जेलची पेस्ट त्याला उपयोगी नाही, आणि हात इथेही मधून कडेकडेच. हिरव्या मार्करने सीडीची कड रंगवली की आवाज गोड होतो, अशी एक टूम १९९०च्या आसपास हौशी मंडळींत निघाली होती. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

प्लेअरची कथा छोटी आहे. लोक सीडीला दोष देतात तेव्हा निम्म्या वेळा दोषी असते ती लेन्स. दुकानात सगळ्या लेसर पेटीलाच लेन्स म्हणतात. सोनीची '२१३' नंबरची लेन्स माहीत नसलेला मेकॅनिक त्या काळी विरळाच. खरं भिंग वाटाण्याएवढं, प्लॅस्टिकचं, बारीक कॉइलवर तरंगणारं. प्लेअर देव्हाऱ्याच्या फळीखाली असला की उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघराजवळ असला की फोडणीची वाफ, दोन्हीचा तेलकट पापुद्रा त्याच्यावर बसतो. कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा घेऊन, न दाबता पुसायचं. थिनर लावला तर भिंग दुधाळ होतं. मेकॅनिकने बाजूचा छोटा स्क्रू फिरवून 'आता बघा कशी घेते' म्हटलं तर त्याने लेसरचा जोर वाढवलेला असतो. सीडी खरंच वाजू लागते, पण वाढवलेल्या जोरावर लेसर लवकर संपतो.

काका गेल्यावर त्यांच्या सीडी मी आणल्या. बहुतेक अजून वाजतात, गोल चऱ्यांसकट. न वाजणाऱ्या पाच-सहा गावी शेतावर गेल्या. हुरड्याच्या दिवसांत पाखरं हाकलायला ज्वारीत काठीला दोऱ्याने टांगतात तशा. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा एक अजून लटकत होती. छपाई उडालेली, चंदेरी लेप पावसाने धुऊन नेलेला, आणि तिच्यातून पलीकडची विहीर स्वच्छ दिसत होती.